रूप, वार्धक्य आणि देहाचा मी

माणसाने कसे दिसावे हे कोणी ठरवायचे, आणि दिसणे म्हणजेच माणूस का, हे दोन प्रश्न सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारपेठेहून फार जुने आहेत. निर्दोष त्वचा, ठरावीक बांधा, उजळ रंग आणि न ढळणारे तारुण्य यांची आजची अपेक्षा वरवर फॅशनची बाब वाटते. तिच्या मुळाशी मात्र देह आणि ‘मी’ यांच्या नात्याचा तात्त्विक प्रश्न आहे. उपनिषदे, महाभारत, बौद्ध आणि जैन वाङ्मय तसेच महाराष्ट्राची संतपरंपरा या सर्वांनी तो हाताळला आहे. त्यांची उत्तरे एकसारखी नाहीत, आणि काही ठिकाणी परंपरा स्वतःच अडखळलेली दिसते. त्या उत्तरांचा क्रमाने विचार केल्यास एक गोष्ट स्पष्ट होते: रूपाची आवड हा दोष नव्हे. रूपालाच माणसाची किंमत समजणे हा दोष आहे, आणि देहाचा तिरस्कार हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

मानदंड कसा घडतो

सौंदर्याचे मानदंड निसर्गाने घालून दिलेले नाहीत. ते समाजात घडतात आणि थोड्या काळात बदलूही शकतात. फिजी बेटांवर भरदार, धष्टपुष्ट शरीराला परंपरेने मान होता. चांगले खाणेपिणे आणि आप्तांनी घेतलेली काळजी यांची ती खूण मानली जाई. १९९५ मध्ये तिथल्या नादरोगा भागात दूरचित्रवाणी पोहोचली. मानववंशशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅन बेकर यांनी त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याविषयीच्या विकृत वृत्ती मोजणाऱ्या चाचणीत धोक्याची पातळी ओलांडणाऱ्या मुलींचे प्रमाण या तीन वर्षांत १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी पहिल्या पाहणीत आढळली नव्हती. दुसऱ्या पाहणीत असे प्रमाण ११.३ टक्के होते. मुलींचे देह तसेच होते. त्यांच्याकडे पाहण्याची नजर बदलली होती.

या बदलाचे एक स्पष्टीकरण मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या सामाजिक तुलनेच्या सिद्धांतात मिळते. स्वतःला जोखण्याचे वस्तुनिष्ठ माप हाताशी नसेल तेव्हा माणूस इतरांशी तुलना करून आपली जागा ठरवतो. गावातल्या, नात्यातल्या चार जणींशी होणारी तुलना निदान खऱ्या चेहऱ्यांशी होती. जाहिरातीतील आणि मोबाइलच्या पडद्यावरील चेहरा प्रकाशयोजना, रंगभूषा आणि संगणकीय सफाई यांतून तयार होतो. अशा तुलनेत जिंकणे कोणालाच शक्य नसते, कारण समोरचा चेहरा त्या व्यक्तीचाही नसतो. हा धोका ओळखून फ्रान्सने २०१७ पासून जाहिरातींतील मॉडेलच्या शरीराचा आकार बदललेल्या छायाचित्रांवर तशी सूचना छापणे बंधनकारक केले. नॉर्वेत अशाच आशयाचा कायदा २०२२ पासून लागू झाला.

भारतात या मानदंडाची सर्वात ठळक खूण रंग ही आहे. गोरेपणाचे आश्वासन देणारी ‘फेअर अँड लव्हली’ ही क्रीम १९७५ मध्ये बाजारात आली, आणि तिच्या नावातील ‘फेअर’ हा शब्द २०२० मध्ये काढण्यात आला. रंगभेदाचा हा आग्रह धार्मिक स्मृतीशी मुळीच जुळत नाही. राम आणि कृष्ण सावळे आहेत. महाभारताने जिच्या सौंदर्याचे सर्वाधिक वर्णन केले ती द्रौपदीही सावळीच, आणि पंढरपूरचा विठोबा काळा आहे. देव्हाऱ्यात सावळ्या मूर्तीला हात जोडणारे घर विवाहाच्या जाहिरातीत मात्र गोरी वधू मागते.

छांदोग्य उपनिषद: पाण्यातले रूप

देह म्हणजे मी, या समजुतीची सर्वात नेमकी तपासणी छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात आहे. ज्याला पाप, जरा म्हणजे म्हातारपण, मृत्यू आणि शोक स्पर्श करत नाहीत असा आत्मा जाणून घ्यावा, असे प्रजापती सांगतो. ते ऐकून देवांकडून इंद्र आणि असुरांकडून विरोचन त्याच्याकडे येतात आणि ३२ वर्षे ब्रह्मचर्याने राहतात. प्रजापती त्यांना पाण्याने भरलेल्या पात्रात स्वतःला पाहायला लावतो. नखशिखांत आपलेच रूप दिसते, असे दोघे सांगतात. मग चांगली वस्त्रे नेसून, अलंकार घालून पुन्हा पाहा, असे तो सांगतो. पाण्यातले रूपही आता नटलेले दिसते, आणि हाच आत्मा, असे म्हणून प्रजापती त्यांना जाऊ देतो.

विरोचनाचे समाधान होते. देहाचीच सेवा करावी, देहालाच मोठे करावे, ही शिकवण तो असुरांना देतो. प्रेतालाही वस्त्रालंकारांनी सजवण्याची असुरांची रीत याच शिकवणीतून आली, असे उपनिषद म्हणते. इंद्राला मात्र वाटेतच शंका येते. देह नटला की हा आत्मा नटतो, देह आंधळा झाला की हाही आंधळा होतो, देह नष्ट झाला की हाही नष्ट होतो. मग जरेपलीकडचा म्हणून सांगितलेला आत्मा तो हा कसा? तो परत फिरतो आणि एकूण १०१ वर्षे शिकून खरे उत्तर मिळवतो.

जरा नसलेले काही तरी हवे, ही ओढ इंद्र आणि विरोचन या दोघांतही आहे, आणि उपनिषद तिची टर उडवत नाही. फरक आहे तो ती ओढ कुठे लावली जाते यात. जे बदलणारच, त्यात न बदलणारे शोधले की शोध कधी संपत नाही. सुरकुती घालवणारे इंजेक्शन काही महिने टिकते, केसांचा रंग काही आठवडे. त्यातून मिळणारे समाधान देहाच्या पुढच्या बदलापर्यंतचे असते. विरोचनाने चूक केली ती अलंकार घालण्यात नव्हे. इंद्रानेही तेच अलंकार घातले होते. प्रतिबिंबापाशी थांबणे ही विरोचनाची चूक होती.

ययाती आणि मखादेव: वार्धक्य नाकारण्याची किंमत

तारुण्याच्या हव्यासाची भारतीय परंपरेतील सर्वात प्रसिद्ध कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. देवयानीशी विवाह झालेला ययाती शर्मिष्ठेशी गुप्तपणे संबंध ठेवतो. देवयानीचे पिता शुक्राचार्य त्याला तत्काळ वार्धक्य येण्याचा शाप देतात, पण कोणी स्वेच्छेने आपले तारुण्य दिले तर अदलाबदल होऊ शकेल, अशी सवलतही देतात. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू हे चार पुत्र नकार देतात. सर्वात धाकटा पुरू बापाचे म्हातारपण स्वीकारतो. हजार वर्षे भोग घेतल्यावर ययातीला कळून चुकते की भोगाने वासना शमत नाही, ती वाढतच जाते. तो पुरूला तारुण्य परत करतो, त्याला राज्य देतो आणि वनात जातो.

या कथेने आधुनिक लेखकांनाही खिळवून ठेवले. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ ही कादंबरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि खांडेकरांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. गिरीश कर्नाड यांचे पहिले नाटकही ययातीवरच होते. कथेचा नेहमीचा बोध वासनेच्या अतृप्तीचा आहे. तिच्यात दुसरा, तितकाच महत्त्वाचा बोध दडलेला आहे: एका पिढीने म्हातारे होण्यास नकार दिला की त्याची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागते. पुरूचे म्हातारपण त्याचे स्वतःचे नव्हते. आई आरशासमोर रोज स्वतःच्या देहाला नावे ठेवत असेल, तर मुलगी तेच शब्द स्वतःसाठी शिकते. पन्नाशीतल्या नटाला तिशीचे दिसणे भाग पडते, तेव्हा त्याच्याकडे पाहणाऱ्या विशीतल्या मुलालाही आपला देह अपुरा वाटू लागतो.

मखादेव जातक या बौद्ध कथेत याच्या नेमके उलट घडते. मिथिलेचा राजा मखादेव आपल्या न्हाव्याला सांगून ठेवतो की पहिला पांढरा केस दिसला की कळव. अनेक वर्षांनी तो केस दिसतो. राजाच्या आज्ञेवरून न्हावी तो सोन्याच्या चिमट्याने उपटून राजाच्या तळहातावर ठेवतो. राजा न्हाव्याला एक गाव इनाम देतो, थोरल्या मुलाला राज्य सोपवतो आणि प्रव्रज्या घेतो. पांढरा केस त्याला शत्रूसारखा वाटत नाही, तो देवदूतासारखा वाटतो, आणि निरोप आणणाऱ्याला बक्षीस मिळते. ययाती मुलाकडून घेतो, मखादेव मुलाला देतो. वार्धक्य हा ऱ्हास आहे की अधिकार सोपवण्याचा काळ आहे, या प्रश्नाची ही दोन टोके आहेत. ज्या समाजात म्हातारपणाला काही काम, काही मान उरलेला असतो, तिथे पांढऱ्या केसाची भीती कमी वाटते. म्हातारपण म्हणजे निरुपयोगी होणे, असा ज्या समाजाचा समज झालेला असतो, तिथे तरुण दिसणे ही नोकरी, प्रतिष्ठा आणि प्रेम टिकवण्याची धडपड बनते. अशा ठिकाणी केवळ व्यक्तीला वैराग्याचा उपदेश करणे अन्यायाचे आहे.

अनित्यतेची शिकवण आणि तिची मर्यादा

बौद्ध विचारात तारुण्याचा मद, आरोग्याचा मद आणि जीविताचा मद असे तीन मद सांगितले आहेत. अंगुत्तर निकायातील एका सुत्तात बुद्ध स्वतःच्या सुकुमार तरुणपणाबद्दल बोलतात. म्हाताऱ्या माणसाला पाहून आपल्याला किळस यावी हे योग्य नव्हे, कारण आपणही जरेच्या अधीन आहोत, हे उमगताच आपला तारुण्याचा मद नाहीसा झाला, असे ते सांगतात. इथे अनित्यतेच्या विचारातून दुसऱ्याच्या देहाबद्दलचा आदर येतो. म्हाताऱ्याकडे तुच्छतेने पाहणारा आपल्याच भविष्याला तुच्छ लेखत असतो.

वैशालीची गणिका आम्रपाली हिच्या नावावर थेरीगाथेत, म्हणजे बौद्ध भिक्खुणींच्या काव्यसंग्रहात, गाथा आहेत. केस, भुवया, डोळे, दात, आवाज, हात, पाय अशा एकेका अवयवाचे तरुणपणीचे आणि आताचे रूप ती शेजारी शेजारी ठेवते आणि सत्य सांगणाऱ्या बुद्धांचे वचन खरे ठरले, असे म्हणते. जिच्या रूपावर राजे भाळले, तीच आपल्या म्हातारपणाचे वर्णन लाज न बाळगता करते. स्त्रीच्या देहाबद्दल सहसा पुरुष बोलत आले आहेत; इथे देह जिचा आहे तीच बोलते, म्हणून या गाथांना वेगळे वजन आहे. जैन परंपरेत श्वेतांबर पंथ एकोणिसाव्या तीर्थंकर मल्ली यांना स्त्री मानतो. मिथिलेच्या या राजकन्येशी विवाह करण्यासाठी सहा राजे चालून आले, तेव्हा तिने स्वतःसारखीच सोन्याची पोकळ प्रतिमा घडवून तिच्यात रोज अन्नाचा घास टाकला. झाकण उघडताच दुर्गंधी पसरली आणि राजांना देहाच्या मोहाचे स्वरूप कळले, अशी कथा आहे. ज्ञानेश्वरांनीही ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना येणाऱ्या म्हातारपणाचे एकेका अवयवासह वर्णन केले आहे. साधकाने भर तारुण्यातच ते डोळ्यांपुढे आणावे, असा त्यांचा आशय आहे.

या शिकवणीची एक मर्यादा बौद्ध वाङ्मयानेच प्रामाणिकपणे नोंदवली आहे. संयुत्त निकायातील वैशालीच्या सुत्तात बुद्ध भिक्खूंना देहाच्या अशुभतेचे चिंतन शिकवतात आणि एकांतात जातात. त्या चिंतनाने भिक्खूंना देहाची इतकी घृणा येते की अनेक जण जीव देतात. परत आल्यावर संघ विरळ झालेला पाहून बुद्ध कारण विचारतात आणि भिक्खूंना दुसरी साधना देतात: श्वासाकडे शांतपणे लक्ष देण्याची आनापानसती. देहाचा मोह आणि देहाची घृणा यांचा उगम एकच आहे, कारण दोन्हींत माणूस देहालाच खिळलेला असतो. अन्न टाळून स्वतःला झिजवणारी आजची मुलगी रूपाच्या मोहात आहे असे म्हटले जाते. खरे तर ती देहाच्या घृणेत अडकलेली असते. तिला देहाची नश्वरता ऐकवणे म्हणजे त्या घृणेत भर घालणे होय. तिला गरज आहे ती देहाशी मैत्री करण्याची, आणि आजार जडला असेल तर वैद्यकीय उपचारांची.

परंपरेतील विसंगती

धर्मपरंपरा या प्रश्नाबाबत सर्वस्वी निर्दोष आहे, असे म्हणता येत नाही. व्यंग असलेला देह हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, ही समजूत तिनेच रुजवली. आठ ठिकाणी वाकलेला अष्टावक्र ज्ञानाने जनकाची सभा जिंकतो, तरी महाभारताच्या वनपर्वात शेवटी समंगा नदीत स्नान करून त्याचा देह सरळ होतो. भागवतात कृष्ण कुब्जेला सरळ करून सुंदर बनवतो. वाकडा देह वाकडाच ठेवून कथा पूर्ण करण्याचे धैर्य कथाकारांना झाले नाही.

याहून गंभीर उदाहरण केशवपनाचे आहे. उच्चवर्णीय विधवेचे केस काढून, तिचे अलंकार आणि रंगीत वस्त्रे हिरावून तिला मुद्दाम कुरूप केले जाई, आणि यालाच धर्म म्हटले जाई. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी हे काम करण्यास नकार दिला. त्याआधी १८८२ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झालेल्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ या पुस्तकात ताराबाई शिंदे यांनी विचारले होते की जे दोष पुरुषांत आहेत त्यांसाठी एकट्या स्त्रीलाच नावे का ठेवली जातात. ९० वर्षांनी, १९७२ मध्ये, अमेरिकी लेखिका सुसान सोंटाग यांनी वय वाढण्याबाबत असाच दुहेरी न्याय दाखवून दिला: वयाबरोबर पुरुषाला भारदस्त म्हटले जाते, स्त्रीला मात्र उतरलेली समजले जाते.

केशवपन आणि आजची सुंदर दिसण्याची सक्ती या परस्परविरोधी गोष्टी वाटतात. एकीने रूप हिरावले, दुसरी रूप लादते. दोन्हींमागचा दावा मात्र एकच आहे: स्त्रीचा देह कसा दिसावा हे तिच्याखेरीज इतरांनी ठरवायचे. म्हणून सौंदर्याच्या दबावावर साधेपणाची सक्ती हे उत्तर होऊ शकत नाही.

भक्तीचे उत्तर

मंगळवेढ्याची संत कान्होपात्रा हिच्या परंपरागत चरित्रात हा प्रश्न एका व्यक्तीच्या आयुष्यावर येऊन ठेपतो. श्यामा नावाच्या गणिकेची ही मुलगी अतिशय देखणी होती. रूपाचा व्यवसाय करण्यास नकार देऊन ती वारकऱ्यांबरोबर पंढरपूरला गेली. तिच्या रूपाची कीर्ती ऐकून बिदरच्या बादशहाने तिला आणण्यासाठी माणसे पाठवली. शेवटचे दर्शन मागून ती विठोबाच्या पायांशी गेली आणि तिथेच तिने प्राण सोडला, असे परंपरा सांगते. देवळाच्या आवारात तिच्या नावाने तरटीचे झाड दाखवले जाते, आणि वारकरी तिचे अभंग आजही गातात. तिने आपले रूप विद्रूप केले नाही. रूपावर दुसऱ्याचा हक्क चालणार नाही, एवढेच तिने ठरवले. बादशहाने तिच्यात देह पाहिला. संप्रदायाने तिच्यात भक्त आणि कवयित्री पाहिली.

भक्तिपरंपरा सौंदर्याला शत्रू मानत नाही. विठोबाला रोज स्नान घातले जाते, वस्त्रे नेसवली जातात, तुळशीच्या माळा घातल्या जातात, आणि संत त्याच्या रूपाचे वर्णन करताना थकत नाहीत. पण तिथे सौंदर्य तुलनेतून येत नाही. कमरेवर हात ठेवून विटेवर उभी असलेली ती मूर्ती इतर मूर्तींहून सुबक आहे म्हणून कोणी तिच्याकडे ओढले जात नाही. माया आधी येते आणि रूप त्या मायेतून सुंदर होते. महाराष्ट्राचा सर्वात लाडका देव गणपती तर कोणत्याही मानदंडात बसत नाही: सुटलेले पोट, हत्तीचे मस्तक, तुटलेला एक दात. भक्ताला यातले काहीही दुरुस्त करावेसे वाटत नाही. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्ट यांनी १७९० मध्ये वेगळ्या वाटेने याच्याजवळ जाणारी मांडणी केली. एखाद्या समाजात दिसणाऱ्या देहांच्या सरासरीतून एक नमुना मनात तयार होतो, तो समाजागणिक वेगळा असतो आणि त्यातून फार तर नियमितपणा कळतो; सौंदर्याचा निर्णय कोणत्याही नियमातून निघत नाही, असे ते म्हणतात. ज्याला आज परिपूर्ण चेहरा म्हटले जाते तो असाच नमुना आहे. सौंदर्य त्याहून मोठे आहे.

सजणे आणि दबाव यांतील भेद

या सर्व विचारातून काही निकष हाती येतात. सजण्यात आनंद असेल आणि न सजताही माणूस निर्धास्तपणे चार लोकांत जाऊ शकत असेल, तर ते सजणे मुक्त आहे. न सजता बाहेर पडण्याची लाज वाटत असेल, तर तिथे दबाव आहे. देहाची निगा आरोग्यासाठी असेल तर ती देहाची सेवा आहे. आरोग्य धोक्यात घालून घेतलेली निगा ही देहाची हिंसा आहे. लग्न, नोकरी किंवा सन्मान यांची अट म्हणून रूप मागितले जात असेल, तर दोष मागणाऱ्याचा आहे, आणि त्याचे ओझे ज्याच्याकडून ते मागितले जाते त्याच्यावर टाकता येत नाही. म्हणूनच हा प्रश्न एकट्या व्यक्तीच्या मनोबलाने सुटणारा नाही. छायाचित्रांविषयीचे कायदे, रंग आणि वयावरून होणाऱ्या भेदभावाला विरोध, घरात मुलांच्या देहावर टीका न करण्याचे वळण आणि म्हाताऱ्यांना कामात, निर्णयात स्थान देणारी कुटुंबे, हे सर्व त्या उत्तराचे भाग आहेत.

व्यक्तीने स्वतःपुरते करायचे काम इंद्राच्या प्रश्नापासून सुरू होते: जे नटल्याने मोठे होते आणि म्हातारे झाल्याने लहान होते, ते मी असू शकते का? आत्मा मानणाऱ्या वेदान्ताने आणि न मानणाऱ्या बौद्ध मताने या प्रश्नाची अगदी वेगळी उत्तरे दिली. आरशातले रूप म्हणजे मी नव्हे, यावर मात्र दोघांचे एकमत आहे. हे पटले की देहाचा अभिमानही सुटतो आणि देहाची लाजही. मग देह कष्ट करणारा, प्रेम करणारा, आजारी पडणारा आणि वयाने पिकणारा सोबती म्हणून उरतो. त्याची किंमत तो कसा दिसतो यावर ठरत नाही, आणि ती ठरवण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाही पोहोचत नाही.